बिनआवाजाची ॲम्ब्युलन्स

"परब, हा गॅस नाही. तुम्हाला हार्ट अटॅक आलाय," डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या हातात ईसीजीची लांबलचक पट्टी होती. मी ती लांबूनच पाहिली आणि सवयीने विचारलं, "मग औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

दुपारपासून छातीवर कुणीतरी पाटा ठेवून वर बसल्यासारखं वाटत होतं. डावा हात जड, कपाळावर गार घाम. मी सोडा प्यायलो, ओवा चावला, आणि अडकलेला ढेकर हलावा म्हणून नाहूरच्या आमच्या इमारतीचे जिने चढउतार करत बसलो. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं झालं, तर कृपा करून जिन्याच्या वाटेला जाऊ नका. माझा ढेकर अजून यायचाय.

डॉक्टरांनी आजाराचं पूर्ण नाव सांगितलं, मायोकार्डियल इन्फार्क्शन. म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त नेणारी नळी तुंबते आणि तेवढा भाग उपाशी मरायला लागतो. "मुलुंडच्या हॉस्पिटलात लगेच न्या. जेवढा उशीर, तेवढं जास्त जाणार," ते माझ्या बायकोला, सुमनला, म्हणाले. मला त्यांनी एक इंजेक्शन टोचलं आणि जागचं हलायची बंदी घातली.

इंजेक्शन झकास होतं. दुखणं गेलं नाही, पण ते शेजाऱ्याचं झालं. मी नुसता भिंतीपलीकडून ऐकत होतो.

आमच्या गणपती मंडळाची ॲम्ब्युलन्स आली. तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. वर्गणी काढून मंडळाने जुनी मॅटाडोर घेतली, तेव्हा सायरन आणि टपावरचा फिरता लाल दिवा आणायला लॅमिंग्टन रोडला मलाच पाठवलं होतं. कारखान्यात वायरमन असल्यामुळे बसवलाही मीच. आवाज असा, की ऐकणाऱ्याचे दात हलावेत. पण आजारी माणसं काही रोज मिळत नाहीत, आणि एवढा चांगला सायरन गप्प ठेवणं आमच्या कुणाच्याच जिवाला पटेना. क्रिकेटचा कप आला, वाजवला. गणपती आणताना वाजवला. अध्यक्षांच्या भाचीच्या वरातीला बँडवाले उशिरा आले, तर तोवर मंडळी आमच्या सायरनवर नाचली. बटणावर मी होतो.

आता मी मागे स्ट्रेचरवर आडवा, आणि बटणावर दत्तू ड्रायव्हर.

दिवेलागणीची वेळ होती. गाडी बाजाराच्या गल्लीत शिरली. काचेतून दिसत होतं, लाल उजेड दुकानांच्या पाट्यांवरून, टांगलेल्या साड्यांवरून, माणसांच्या तोंडांवरून सावकाश फिरत होता. मला वाटलं, मी जत्रेतल्या पाळण्यात बसलोय आणि गल्लीच माझ्याभोवती फिरतेय. फार छान वाटत होतं. असं वाटणं चांगलं लक्षण नसतं, हे नंतर कळलं.

सायरन ऐकून गल्ली खूश झाली. बाजूला कुणीच होईना.

"काय दत्त्या, कोण जिंकलं रे?"

"नवरी कुठंय? दाखव ना!"

पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. एक केळीवाला हातगाडी मधोमध उभी करून कंबर हलवायला लागला. दत्तू मुंडकं बाहेर काढून ओरडत होता, "पेशंट आहे आत! पेशंट!" पण मी बसवलेल्या सायरनपुढे त्याचं कुणाला ऐकू जाणार?

"दत्तू, बंद कर ती मेली पिपाणी!" सुमन म्हणाली.

"वहिनी, सायरनशिवाय वाट कोण देणार?"

"सायरनने कोण देतंय? बंद कर म्हणते ना!"

दत्तूने बटण दाबलं.

त्या गाडीला मुकाट जाताना गल्लीने कधी पाहिलंच नव्हतं. नुसता लाल दिवा फिरतोय, आवाज नाही. टाळ्या थांबल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "गेलं वाटतं कुणीतरी."

आणि गल्ली दुभंगली. केळीवाल्याने टोपी काढली आणि हातगाडी मागे ओढली. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. पिठाच्या गिरणीसमोर खोत उभा होता. मंडपाच्या जागेवरून भांडण झाल्यापासून दोन गणपती आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्याने पिठाचे हात झटकले आणि जोडले.

मला पटलं, की मी मेलोय. एवढी माणसं खोटं कशाला वागतील? वाईट मुळीच वाटलं नाही. उलट एवढा मान जिवंतपणी कधी मिळाला नव्हता. मग मी रीतीप्रमाणे वागलो. कुणी नमस्कार केला, की उलट नमस्कार करावा. मी दोन्ही हात वर केले आणि काचेतून खोताला नमस्कार केला.

"अगो बाय, मुरदा हात जोरतंय!" एक मासळीवाली किंचाळली.

सुमनने माझे दोन्ही हात धरून खाली दाबले. "अहो, हात खाली! जिवंत आहात हे कळलं तर पुन्हा गर्दी करतील. डोळे मिटून पडा गप."

मी आज्ञाधारक नवरा. डोळे मिटले आणि मेल्याचं सोंग घेतलं. पापण्यांवरून लाल उजेड येत होता, जात होता. गावच्या खाडीत संध्याकाळी होडीत उताणं पडलं, की असाच तांबूस उजेड पापण्यांवर हलतो. होडी सुटली होती. पाणी ओढून नेत होतं, आणि वल्हवायची कुणी सक्ती करत नव्हतं. सोंग केव्हा संपलं, मला कळलं नाही.

दंडाला जोरात चिमटा बसला. सुमनचं तोंड माझ्या अगदी कानाशी होतं.

"सोंग करा म्हटलं होतं. खरं करू नका."

तिचा आवाज मी आयुष्यात तसा कधी ऐकला नव्हता. मी डोळे उघडले. मुलुंडपर्यंत तिने ते मिटू दिले नाहीत. माझा दंड पुढे कित्येक दिवस काळानिळा होता. आयसीसीयूमधल्या नर्सने विचारलं, "हे कशाचं इंजेक्शन?" मी म्हटलं, "घरचं."

आयसीसीयू म्हणजे फक्त हृदयाच्या पेशंटांवर रात्रंदिवस नजर ठेवणारी खोली. डोक्याशी पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत असते. रेघ चुकली की सगळे धावतात. सुमन बाहेर बाकावर. आजारी माणसाला निदान झोप तरी मिळते, बाकावरच्याला तीही नाही, हे मला फार उशिरा सुचलं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा एक कोपरा गेला. बाकी घर शाबूत आहे. आणखी उशीर झाला असता तर मी हे तुम्हाला नाही, वहिनींना सांगत असतो."

वॉर्डात हलवल्यावर पहिला भेटायला आला खोत.

"मेल्या, तुझ्या नावान आंघोळ केलंय मी!" तो म्हणाला. मग त्याने मोसंबं सोलायला घेतलं, आणि बोलता बोलता सगळं स्वतःच खाल्लं.

मी घरी आल्यावर मंडळाची बैठक झाली. आत पेशंट असल्याशिवाय सायरन वाजणार नाही, असं ठरलं. ठराव मीच मांडला, आणि कोण जिंकलं म्हणून ओरडणाऱ्याने सगळ्यांत आधी हात वर केला. तरी गल्लीची सवय सुटायला वेळ लागला. बराच काळ सायरन आला की पोरं धावत यायची आणि मोठी माणसं त्यांना कॉलर धरून मागे ओढायची. मग हळूहळू ओढायची गरज राहिली नाही.

मी आता बरा आहे. मीठ कमी, जिने सावकाश. दुपारी झोपायचं, असा डॉक्टरांचा हुकूम आहे आणि तो मी मनापासून पाळतो. कधी त्या झोपेत हमरस्त्यावरून लांबून सायरन ऐकू येतो. जागा नसतो, झोपलेलाही नसतो. मी कुशीवर होतो आणि भिंतीकडे सरकतो, अगदी कडेला.

"काय झालं हो? दुखतंय का?" सुमन स्वयंपाकघरातून विचारते.

"नाही गं," मी म्हणतो. "कुणीतरी चाललंय. जाऊ दे त्याला."