गुहेच्या तोंडाशी ओटी

बोट डावीकडं कलली, काठावरून पाणी आत आलं आणि सुकाणूवरचा तांडेल ओरडला, "बसा! उठा नको कोण!" तोवर माझे जवळजवळ सगळे प्रवासी डाव्या काठाशी गोळा झाले होते. समोर गुहेचं तोंड होतं, दोन्ही अंगांना खडक.

मलकापुरात माझं ट्रॅव्हल्सचं छोटं ऑफिस आहे. लहान ग्रुप घेऊन मी कोकणात जाते. हा ग्रुप कुंडलचा, एकाच भावकीतला. समुद्रातल्या गुहा बोटीतून बघायच्या, एवढाच प्रोग्राम. छोट्या बोटीत खरा सांभाळायचा असतो तो बॅलन्स. माणसं दोन्ही बाजूंना सारखी बसलेली हवीत, आणि बसलेलीच हवीत. निघताना हे सगळं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण कृष्णेकाठच्या माणसाला पाण्याबद्दल काही सांगावं तर त्याला तो अपमानच वाटतो.

सुमनकाकींना गुहेचं काही पडलेलं नव्हतं, हे मला जेटीवर कळलं. त्यांच्या पिशवीत ताट, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू असं ओटीचं सामान होतं. घरातले सगळे पुरुष पायदळात. धाकटा मुलगा मात्र नेव्हीत गेला आणि नुकताच पहिल्यांदा जहाजावर चढला.

"ताई, नदीची वटी भरतो आमी. मग समुद्राची नगं? पोरगं त्याच्या हवाली हाय माझं."

"किनाऱ्यावरून भरली तर?"

"काठाला लोकं कायबी टाकत्यात. आत गुहंच्या तोंडाला भरीन."

त्यांचे यजमान, रिटायर्ड सुभेदार, हसले. "हिला लय समजावलं, ताई. नेव्हीचं जहाज काय नारळावर चालतंय व्हय? माझा न्हाई असल्यावर इश्वास."

समुद्र शांत होता. तांडेल गुहेच्या तोंडाशी इंजिन हळू करायला तयार झाला. काकी बसूनच वाकणार, मी मागून त्यांचं लाइफ जॅकेट धरणार, असं ठरलं. एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नाही. आपल्याकडं असलं काही एकट्यानं करत नाहीत. करणाऱ्याच्या हाताला बाकीच्यांनी हात लावायचा, म्हणजे सगळ्यांचा वाटा. काकींनी ताट पुढं केलं आणि सवयीनं म्हणाल्या, "हात लावा गं." झालं! अख्खी भावकी उठली. आणि सगळ्यात आधी उजवीकडून उठले ते सुभेदार.

तांडेलानं बोट मागं घेतली म्हणून निभावलं. मोकळ्या पाण्यात आल्यावर बघितलं तर सगळे भिजलेले, पण जागेवर. काकींनी ताट पोटाशी धरलेलं.

"ताई, मी आता आत जावचंय नाय," तांडेल म्हणाला. "परत जाऊया."

त्याचं बरोबर होतं. मीही तेच म्हटलं असतं. काकी रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. "आसू द्या," एवढंच म्हणून त्या ताटातले भिजलेले तांदूळ सारखे करत बसल्या.

पण घोटाळा ओटीचा नव्हता, उठण्याचा होता. मी तांडेलाला विचारलं, "इथंच भरली तर? कोणी उठणार नाही. मी जबाबदार."

त्यानं आधी प्रत्येकाकडं नीट बघून घेतलं. "इथंच. आत नाय."

"ताट फिरवूया," मी म्हणाले. "बसल्या जागी प्रत्येकानं हात लावायचा. शेवटी काकींकडं."

काकींनी थोरल्या जाऊबाईंकडं बघितलं. "चालंल का वं, आक्का?"

"न चालायला काय झालं? हात लागला म्हंजे झालं. आन् पानी तर तेच हाय की."

ताट हातोहात फिरलं. काकींच्या आधी सुभेदार होते. त्यांनी ताट घेतलं, कपाळाला लावलं आणि तसेच बसले. आम्ही थांबलो.

"आवं, द्या की आता," काकी हळूच म्हणाल्या.

"देतो गं," ते म्हणाले. "सांभाळ रं बाबा," हे समुद्राला.

मी जॅकेट धरलं. काकी वाकल्या आणि ओटी पाण्यात सोडली. बोट जराही हलली नाही.

हल्ली ओटी भरायची आहे का, ते मी जेटीवरच विचारते. ताट तिथंच सगळ्यांत फिरवून घेते. आणि 'माझा असल्यावर विश्वास नाही' असं कोणी म्हणालं, की त्याला बोटीत बरोबर मधल्या फळीवर बसवते.