सेहानची हाक

संध्याकाळ उतरते आहे. समोर उंच झाडांची रांग, मागे केशरी आभाळ, पायाखाली काळी दलदल. डाव्या बाजूला पाल्याचा आडोसा आणि त्यामागे प्राण्यांना आजार लागू नये म्हणून मास्क लावलेली आम्ही तीन माणसं. असा देखावा मला जन्मात कुठल्या मंडपात मिळाला नाही.

पण या खेळात मला एकही वाक्य नव्हतं. आमच्या मामांडा नाटकात मी आयुष्यभर राजा झालो. तरी मला माझी पुतणी सेहान दबक्या आवाजात म्हणाली होती, "जुलाक, इथे तुम्ही राजा नाही. इथे तुम्ही झाड. आणि झाड खोकत नाही." आमच्याकडे थोरल्या काकाला जुलाक म्हणतात.

सेहान पूर्वी नदीकाठच्या बाजारात केळी तळून विकायची. नवरा वारल्यावर ती या केंद्रात अनाथ ओरांगउटान पिल्लांची दाई झाली. गालुह तिच्याकडे आली ती वणव्यात तळवे भाजून. गालुह म्हणजे लाडकी लेक, नाव सेहाननेच ठेवलेलं. पिल्लाला चढायला शिकवायचं म्हणून ही जाडजूड बाई स्वतः झाडावर चढायची. गावातल्या बायका खालून विचारायच्या, वर नवरा शोधते आहेस का? ती वरून सांगायची, खालचे सगळे बघून झाले.

आज गालुहची परीक्षा होती. दिवस मावळायच्या आत तिने स्वतःचं घरटं बांधून वरच झोपायचं होतं. ती खाली उतरली, तर पिल्लांना मोकळं सोडतात त्या बेटावर जाणाऱ्या होडीतली तिची जागा दुसऱ्या पिल्लाला मिळणार होती. आणि डॉक्टरीणबाई एर्ना यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की या वयात जो प्राणी माणसाचा नाद सोडत नाही तो पुढे पिंजऱ्यातच म्हातारा होतो. सेहानच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

गालुहने एक फांदी वाकवली, दुसरी तिच्यावर दुमडली. मग तिसरी कडाडून मोडली आणि ती एका हातावर लोंबकळली.

"कुर सुमांगत," सेहान म्हणाली.

लेकरू दचकलं की आमच्याकडे कुठलीही आई हेच म्हणते. भीतीने उडालेला जीव या हाकेने परत अंगात येतो. शब्द तिच्या तोंडून आपसूक निघाले, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण वर ते पोचले होते. गालुहने मान वळवली आणि खोडावरून सरसर उतरू लागली, थेट आडोशाच्या दिशेने.

एर्नाबाईंनी डोळे मिटून घेतले. मी सेहानच्या कानाशी लागलो. माझा आवाज अजून शाबूत आहे, राक्षसासारखी डरकाळी फोडतो, जाईल पळून, म्हणालो.

"तुम्हाला घाबरून कुठे पळेल?" ती म्हणाली. "माझ्याकडेच येईल ना."

मग ती स्वतः उठली. कोपऱ्यातला पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन आडोशाबाहेर गेली. डबा बडवला, चिखलाचे गोळे फेकले, आणि असा काही आवाज काढला की माझ्याच अंगावर काटा आला. उभ्या आयुष्यात मी असा राक्षस पाहिला नाही. गालुह शेवटच्या बेचक्यात थिजली. सेहानच्या तोंडाकडे बघत राहिली. सेहानने आणखी एक गोळा फेकला. तो लागला.

गालुह किंचाळत वर गेली.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. उजेड विझत चालला. आम्ही तिघं माना वर करून नुसती पानं बघत होतो. अखेर वर कुठेतरी फांदी मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरी. मग पानांची खसफस, आणि ती थांबल्यावर पुन्हा शांतता. एर्नाबाईंनी दुर्बीण खाली घेतली आणि मान डोलावली.

सेहान चिखलातच उभी होती. मी जवळ गेलो, तेव्हा तिने माझी बाही धरली.

"फार घाबरली हो ती. जीव उडाला असेल तिचा, आणि मला आता बोलावता यायचा नाही. तुम्ही म्हणा, जुलाक. अगदी हळू. तुमचा आवाज ती ओळखत नाही."