बैलाचा चौथा पाय

माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं मला भर बालवाडीत फसवलं, आणि बाईंनी तिला साथ दिली. हे मी आजवर कितीदा सांगितलं असेल. घरचे नुसते हसतात.

म्हसवडहून मी सांगलीत आलो तो पोती उचलायला. पुढं हळदीच्या बाजारात स्वतःचं दुकान टाकलं. आमच्यात तेव्हा भाव तोंडानं ठरत नसे. हातावर रुमाल टाकायचा आणि आत समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं तितका आकडा. बघणाऱ्याला पत्ता लागत नसे. त्या रुमालाखाली मला कुणी गंडवलं नव्हतं. मुलगी माझ्या मांडीवर बसून हे सगळं बघायची.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बालवाडीत 'करून शिकू या' असा आठवडा निघाला. सोमवारी पिवळा रंग, प्रत्येकानं एक पिवळी वस्तू आणायची. आमच्या घरून दुसरं काय जाणार? डबाभर हळद गेली. दुपारी आणायला गेलो तर अख्ख्या वर्गाचं लग्न लागायचं बाकी होतं! नाकं पिवळी, भिंत पिवळी, बाईंचा पदरही पिवळा.

मंगळवारी आकडे. बाईंनी मला बोलावून घेतलं.

"अहो, तुमची मुलगी पाच म्हणतच नाही. माझ्या पदराखाली हात घालते आणि बोटं दाबते."

"मग बरोबर हाय की, बाई. आकडा असा चारचौघांत सांगत्यात व्हय?"

बाई हसायला लागल्या त्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळी पोरं रुमालाखाली बेरजा करतायत!

मग मातीकाम आलं. मुलीनं बैल केला आणि उरलेल्या हळदीनं रंगवला. काय बैल होता! मान ताठ, वशिंड हे एवढं. हा आपल्या दुकानात मिरवायचा, असं मी तिथंच ठरवलं.

"दे की गं मला."

"फुकट न्हाई, पप्पा. शनिवारी बाजारात या."

शनिवारी पोरं दुकानदार आणि आईबाप गिऱ्हाईक. बाईंनी आम्हाला पैसे म्हणून मूठमूठ चिंचोके वाटले. मुलीनं परातीत वाळू घालून तिच्यात बैल उभा केला होता.

"वाळू कशाला गं?"

"नदीत उतरलाय त्यो. पाणी पितोय."

रुमाल पडला. मी दोन बोटं धरली. तिनं हात झटकला. तीन धरली, तर माझ्याकडं न बघता माझ्या मागं उभ्या असलेल्या एका पोराच्या आईला म्हणाली, "काकी, तुमी या फुडं."

"आधी मी आलोय!" मी असा ओरडलो की शेजारचं एक पोर रडायला लागलं. रागाच्या भरात मी अख्खा पंजा दाबला, वर खिशातले सगळे चिंचोके परातीत ओतले आणि बैल उचलला.

पाय तीनच.

"ह्याचा चौथा पाय कुठाय?"

"माल बघून घ्यायचा असतोय," ती थेट माझ्या आवाजात म्हणाली. "रुमाल उचलला की तक्रार न्हाई, पप्पा."

वर्गानं टाळ्या पिटल्या. मी संतापलो होतो, आणि मलाच हसू आवरत नव्हतं.

"पाय कुठाय, सांग!"

"इकला. बाईंना. हळकुंड म्हणून."

बाई भिंतीला टेकून पोट धरून हसत होत्या, मुठीत तो पिवळा पाय. "मला खरंच हळकुंड वाटलं हो!"

"मग द्या परत."

"रुमाल उचललाय," बाई म्हणाल्या.

पुढं बाई साताऱ्याला राहायला गेल्या, पाय घेऊनच. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर तो शोकेसमध्ये, मधोमध. मी खिशातून रुमाल काढला. बाईंनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि चहा टाकायला आत गेल्या.

बैल माझ्या दुकानात तराजूला टेकून उभा आहे. येणारा प्रत्येक जण पायाची चौकशी करतो. सांगलीत अर्धा जन्म काढलेल्या बाईला माती आणि हळकुंड यांतला फरक कळला नाही, हे मला पटत नाही, पटणार नाही. बाई, ते हळकुंड नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? एकदाचं सांगा. आणि तोंडानं सांगा, रुमालाखाली नको.