बिरादार सरांचा न आलेला फोन

बिरादार सर गेले. मला रडू आलं नाही.

सकाळपासून बघायलोय. ग्रुपवर सगळ्यांचे डीपी काळे. 'देवमाणूस', 'खेळाडूंचा बाप', 'लातूरचं मैदान पोरकं झालं'.

टाका, तुमचे पाय चांगले आहेत.

मी काठावर बारावी पास, तेव्हा चुकलंमाकलं पदरात घ्या. पण आज गोड बोलायला जमणार नाही.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. सर आमच्या कबड्डी अकॅडमीचे ट्रेनर. कुणाचा पाय मुरगळला, खांदा निखळला, की सर. कॉलेजात हेच शिकणारी पोरंपोरी प्रॅक्टिकलला आमच्या मैदानावर यायची. त्यांना हाताखाली घेऊन शिकवायचं कामही सरांचंच.

शिकवायचं म्हणजे काय, तर पोरांनी बर्फाची पिशवी धरायची आणि गप उभं राहायचं. पेशंटला हात फक्त सरांचा लागणार.

आम्ही पण तसेच. टेप बांधून घ्यायच्या आधी सरांच्या पाया पडायचो, मग मैदानाच्या. सरांनी मांडीवर थाप मारली की खेळायचं. 'दुखतंय' म्हणायची पद्धतच नव्हती.

औशाची मॅच. मी लेफ्ट कॉर्नर. ही मॅच निघाली असती तर मी जिल्ह्याच्या टीममध्ये, आणि पुढं भरतीला खेळाडू कोटा. घरी आईनं शेजारपाजारी सांगूनही टाकलं होतं.

पहिल्या हाफमध्ये रेडर माझ्या गुडघ्यावर पडला. आत काहीतरी टक्कन वाजलं.

सर दुसऱ्या पोराकडं होते, म्हणून शिल्पानं माझा पाय हातात घेतला. शिल्पा म्हणजे कॉलेजची पोरगी, शेवटच्या वर्षाला. तिनं नडगी धरून हळूच पुढं ओढली. तिचा चेहराच उतरला.

"सर, नडगी पुढं सरकायली. ह्याला खेळवू नका."

सर आले. पायाकडं बघायच्या आधी तिच्याकडं बघितलं.

"तू शिकायला आलीस का मला शिकवायला?"

"सर, एकदा हात लावून बघा ना."

"टेप दे इकडं. आन् तोंड बंद."

पोरं हसली. मी पण हसलो.

सरांनी टेप गुंडाळला, थाप मारली. "जा वाघा."

पुढच्याच रेडला गुडघा जागेवर फिरला. लिगामेंट गेलं, आतली गादी गेली. ऑपरेशन झालं, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही.

मला विचारलं असतं तर मी खेळतोच म्हणालो असतो, ते वेगळं. पण विचारलं कुणी?

सर एकदा दवाखान्यात आले. आईशी बोलले, शहाळं ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

आता मी गुजरातमध्ये टाइल्सच्या कारखान्यात आहे. उकिडवं बसता येत नाही. जिना उतरताना लोक मागं थांबतात, "चाचा, आराम से" म्हणतात. चाचा. माझं अजून लग्न व्हायचंय.

खरी गोष्ट पुढं आहे.

मागच्या उन्हाळ्यात शिल्पाताईचा फोन आला. ती आता बिलोलीकडं नोकरीला आहे, आणि तिच्या हाताखाली पण पोरं शिकायला येणार होती. त्यासाठी आधी नांदेडला एक ट्रेनिंग करावं लागतं. पोरांना कसं शिकवायचं, हे शिकवणाऱ्यांनाच शिकवतात.

"बाला, समोर शिकवायला कोण होतं सांग."

"कोण?"

"बिरादार सर."

मी हसलोच. "ते काय शिकवतेत? तोंड बंद?"

"न्हाई रे. एका पोराला टेबलावर झोपवलं. शिकणाऱ्या पोरीला तपासायला लावलं आन् सर हात मागं बांधून उभे राहिले. म्हणाले, आपला हात आवरा. तिच्या हाताला कळू द्या. मग विचारा, तुला काय वाटतंय? का वाटतंय?"

"आन्?"

"मग तुझी गोष्ट सांगितली. माझ्याकडं एक खेळाडू होता म्हणाले. पोरगी सांगत होती, मी ऐकलं न्हाई, पोराचा पाय गेला. प्रत्येक ट्रेनिंगला सांगतेत म्हणं. हॉलमध्ये लोकांच्या डोळ्यात पाणी."

एक खेळाडू.

"तुला वळखलं का?"

"चहाच्या वेळी आले. हात जोडले. तुझं बरोबर होतं म्हणाले."

"माझं काही?"

"कसा हाय इचारलं. नंबर मागितला. मी दिलाय बाला. करतो म्हणालेत."

तेव्हापासून मी अनोळखी नंबरचा एकही फोन सोडला नाही. क्रेडिट कार्डवाल्या बाईचा उचलला. सिमवाल्याचा उचलला. मशीन चालू असताना उचलला, सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या.

सरांचा आला नाही.

सर, तुम्ही सुधारलात म्हणतात. असेल. तुमच्यामुळं कितीतरी पोरांचे पाय वाचले असतील. हॉलभर लोकांसमोर चूक कबूल केलीत, टाळ्या पण मिळाल्या असतील.

पण पाय माझा होता ना. मग माफी त्यांच्याकडं कशी?

हात मागं बांधायला शिकलात. त्याच हातानं एक फोन लावला असता तर काय बिघडत होतं? मी काय शिव्या देणार होतो?

दिल्या असत्या. ऐकायच्या होत्या. नंतर बोललो असतो नीट.

आज सकाळी शिल्पाताईनंच कळवलं. रडत होती. म्हणाली, पुढचं ट्रेनिंग मला घ्यायला लावलंय.

"बाला, तुझी गोष्ट सांगू का मी? तुला काय वाटतंय?"

एवढ्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

"सांग," म्हणालो. "पण 'एक खेळाडू' म्हणायचं न्हाई. बालाजी म्हण. निलंग्याचा बालाजी, लेफ्ट कॉर्नर."

"आन् सरांचं नाव?"

"ते पण घे."

सर, नंबर तोच आहे. आता बदलला तरी चालेल.

जावा तुम्ही.

भावपूर्ण म्हणवत नाही. नुसती श्रद्धांजली.