फाट्यावरच्या दगडाची खोळ

पुणे-सोलापूर रस्ता पूर्वी नेमका कुठून जात होता, हे विचारत फिरण्याचं खूळ निवृत्तीनंतर माझ्या डोक्यात शिरलं. सारी हयात इतिहास शिकवला. पानिपत शिकवलं, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, पण शाळेच्या फाटकापुढून जाणाऱ्या रस्त्याबद्दल पोरांना कधी एक वाक्य सांगितलं नाही. मग म्हटलं, घ्या वही, मारा गाडीला किक. बायको म्हणाली, "रस्ता काय पळून चाललाय का? ऊन उतरल्यावर जावा की." आता हिला काय सांगावं? रस्ता खरोखरच पळून चालला होता. चौपदरीकरणात कडेचे वड गेले, गेरू-चुन्याचे पट्टे मारलेल्या चिंचा गेल्या. नव्या रस्त्यावर माणूस भिगवणहून इंदापूरला कधी येतो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

जुन्याचे तुकडे मात्र अजून आहेत. सर्व्हिस रोडच्या पलीकडं कुठं पन्नास पावलं डांबर दिसतं, ते उसात शिरतं आणि तिथंच संपतं. कुठं एखादी दगडी मोरी नुसतीच उभी, खालून ओढा नाही आणि वरून वाट नाही. एकदा एका चहाच्या टपरीवर बसून मी तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं, "तात्या, जुना रस्ता हितनं कुठनं जायचा हो?" त्यानं मला खालवर न्याहाळलं आणि म्हणाला, "आवो गुरुजी, तुमी बसलाय त्योच जुना रस्ता. पाय वर घ्या, मंग दाखवतो." टपरीवरची सगळी माणसं हसली. मीही हसलो, पण वहीत लिहून घेतलं.

कऱ्हाटीला माझा एक जुना सहकारी राहतो. तोही मास्तर, तोही निवृत्त आणि माझ्यापेक्षा चार आणे जास्त खवचट. त्याला माझी वही दाखवली तर म्हणाला, "ह्या ऐकीव गप्पा झाल्या. मैलाचा एक तरी जुना दगड दाखव, मग बारामतीत तुझं व्याख्यान लावतो." झालं! तेव्हापासून मला दगडाशिवाय काही सुचेना. मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हा नवे दगड बसले आणि जुने तसेच गवतात कलंडून राहिले. कुणी त्यांची पायरी केली, कुणी त्यांच्यावर धुणं आपटलं. मी दोन महिने हिंडलो, पण अक्षर शाबूत असलेला एकही सापडला नाही.

आणि तो होता कुठं? माझ्या सख्ख्या आत्याच्या बांधावर.

आत्या वरकुट्याला दिलेली. वय ऐंशीच्या पुढं, पण अजून स्वतः डाळिंबाच्या बागेत फिरते. तिचे मालक ट्रकवर ड्रायव्हर होते. लग्न होऊन ती आली तेव्हा पोरच होती. नवरा सोलापूरच्या पुढं गाडी घेऊन गेला की ही आठ-आठ दिवस रडायची, जेवायची नाही. मग एक दिवस त्यांनी तिला फाट्यावर नेलं आणि रस्त्याच्या कडेचा शेंदूर लावलेला दगड दाखवला. म्हणाले, हा म्हसोबा, हा रस्त्याचा राखणदार, ह्याला नारळ फोडून गेलेला माणूस माघारी येतोच. तेव्हापासून प्रत्येक खेपेला तिथं नारळ फुटू लागला आणि आत्याचं रडणं थांबलं. मालक सगळी उमर रस्त्यावर राहिले आणि शेवटी घरात, अंथरुणावर, तिच्या हातचं पाणी पिऊन गेले.

रस्ता रुंद व्हायला लागला तेव्हा पोकलेन फाट्यापर्यंत आलं. आत्या जाऊन दगडापाशी बसली ती उठेचना. अखेर कंत्राटदाराच्या माणसांनीच तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून बांधावर आणून दिला. आता तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, स्वतःचा ट्रक चालवतो. डाळिंबं भरून हैदराबादला जातो. त्याची गाडी निघताना बांधापाशी थांबते, आत्या नारळ फोडते, एक वाटी देवाला, एक त्याच्या हातात. मग पदर खोचून कामाला लागते. मी एकदा तिला म्हणालो होतो, "तुला काळजी वाटत नाही का गं? रस्त्यावर रोज काय काय होतंय." ती म्हणाली, "मला कशाची काळजी? त्याची नजर हाय की रस्त्यावर."

तर ह्या दगडापुढं मी लहानपणापासून हात जोडत आलो, पण त्याच्याकडं नीट बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. डोकं गोल. बाजू छिन्नीनं सरळ केलेली. देवाच्या दगडाची बाजू अशी कोण तासतो? हा मैलाचा दगड तर नसेल?

अडचण होती खोळीची. दगडाला वर्षानुवर्षं तेलात कालवून शेंदूर लावला की थरावर थर चढून जाड कवच होतं. त्याला आमच्याकडं खोळ म्हणतात. ती माणसानं काढायची नसते. देवच कधीतरी आपल्या मर्जीनं ती टाकतो, मग ती परातीत घेऊन हळदीकुंकू वाहून नदीत सोडायची. मी आत्याला विचारून बघितलं तर तिनं कानाला हात लावले. "आरं, आसं करत्यात व्हय? त्याच्या मनात आलं की त्यो टाकंल."

आणि मग मी जे बोललो ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते. खालच्या कोपऱ्यात नखाएवढी भेग होती. ती दाखवून मी म्हणालो, "अगं, टाकतोयच की तो. ही बघ, सुटलीय. मी नुसता हात लावतो."

जन्मभर मी अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली. शनिवारी नखं कापून पोरांना दाखवली. आणि गरज पडली तेव्हा तिच्याच श्रद्धेचा दोर करून तिलाच बांधलं. आत्याचे डोळे भरून आले. "म्हंजी माझ्या डोळ्यादेखत टाकतोय म्हन की!" म्हणत ती घाईघाईनं घरात परात आणायला गेली. ती दाराआड होताच मी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. व्हय, मी तो घरूनच घेऊन गेलो होतो.

खोळ बोटभर जाड निघाली. खाली काळा दगड, त्यावर इंग्रजीत कोरलेलं पुण्याचं नाव आणि त्याखाली आकडा. एक अंक झिजलेला, पण आठ अगदी ठळक. मी लहान पोरासारखा ओरडलो, "सापडला! सापडला!" आत्या परात घेऊन धावत आली. परातीत नवं फडकं, हळदीकुंकू, दोन सुपाऱ्या.

"काय घावलं रं?"

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण मास्तराची जीभ! खडू हातात असल्यासारखा सुरूच झालो. "आत्या, हा म्हसोबा नाही. हा मैलाचा दगड आहे. पुण्यापासून हितंवर किती मैल झाले ते लिहिलंय बघ. इंग्रजांनी बसवलाय."

तिनं वाकून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही. मग म्हणाली, "ह्ये मैलाचं दगुड रस्त्यानं सगळीकडं व्हतं का?"

"व्हय, दर मैलाला एक."

"मंग मालकांनी कसा वळखला न्हाय? डायव्हर मानूस. रोज ह्येच दगुड मोजत जायचं की त्ये."

 तिनंच पुढं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द करून, "पैला शेंदूर त्यांनीच लावला व्हता. मला दाखवाया न्हेलं तवा वला व्हता. माझ्या बोटाला लागला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कामातून गेलेला दगड. घरी रडून रडून अर्धी झालेली पोरसवदा बायको. त्या माणसानं चार आण्याचा शेंदूर घेतला आणि तिच्यासाठी एक देव केला. जन्मभर ते एका शब्दानंही सांगितलं नाही. प्रत्येक खेपेला खाली उतरून, हात जोडून, त्यानं मैलाच्या दगडाला नारळ फोडला. आणि मी, अतिशहाणा, स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो आणि मेलेल्या माणसाची ती माया खरवडून काढली. कशासाठी? तर कऱ्हाटीच्या एका मास्तराला दाखवण्यासाठी.

आत्या रागावली नाही. रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं रिकामीच परात उचलली, सुपाऱ्या पदराला बांधल्या आणि म्हणाली, "च्या घेऊन जा."

बारामतीचं व्याख्यान झालं. दगडाचा फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. टाळ्या पडल्या, शाल आणि नारळ मिळाला. तो नारळ घरी आणून फळीवर ठेवला. बायकोनं दोनदा विचारलं, चटणीला घेऊ का? मी नको म्हणालो, शेवटी तो आतून वाळून खुळखुळायला लागला. इकडं वरकुट्यात पोरं आत्याच्या दगडाला 'मैलोबा' म्हणायला लागली. गावाचं काय, गावाला निमित्तच हवं असतं.

पंधरा दिवसांनी मी शेंदूर आणि तेल घेऊन गेलो. म्हणालो, "आत्या, माझं चुकलं. मी परत लावून देतो." ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला? पुन्यांदा लावला म्हून माझ्या डोक्यातलं जातंय व्हय?" दुसरी शेंग फोडत म्हणाली, "त्यांनी मला खुळ्यात काढली बघ, सगळा जलम." मी म्हणालो, "अगं, तुझ्या काळजीपोटी केलं त्यांनी." ती म्हणाली, "त्ये कळतंय मला. पर त्यांना तरी कुठं ठावं व्हतं मंग, माघारी येतोय का न्हाय? त्येबी भ्येतच जात आसतील. आन मी हितं खुशाल झोपत व्हते." हे बोलताना तिचा हात थांबला होता. तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती बघितली, होऊन गेलेल्या सगळ्या खेपांची.

आता आतेभावाची गाडी निघते तेव्हा बांधापाशी थांबत नाही. तो मला म्हणाला, "दादा, आई लई बदलली. गाडी चालू केली की दारात येऊन हुबी ऱ्हाती. सोलापूर ओलांडूस्तोवर चार फोन करती. जेवत न्हाय नीट."  वहीतलं काम मी कधीच बंद केलंय. जुना रस्ता जिथून जायचा असेल तिथून जावो.

परवा सकाळी चहा घेत होतो तर आत्याचाच फोन. पलीकडं ट्रकचा आवाज लांब लांब जात होता.

"गाडी निघाली रं," आत्या म्हणाली. "लई माल भरलाय. नीट पोचल नव्हं त्यो?"

"पोचेल की. रस्ता चांगला आहे आता."

"तसं नगं. तुला सगळं वाचाया येतंय. तू सांग मला, येतोय का न्हाय त्यो माघारी?"

काय सांगणार होतो?  हैदराबादपर्यंतचा सगळा रस्ता डोळ्यांपुढं आला, त्यावरचे कंटेनर, उसाच्या ट्रॉल्या, झोपेनं पेंगणारे ड्रायव्हर. खरं काय ते मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं. तरी मी म्हणालो, "येतोय आत्या. काही होत नाही त्याला. मी सांगतो ना."

पलीकडं ट्रकचा आवाज आता येत नव्हता. 

"मालकबी आसंच सांगायचं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.