आईचं फडकं घेऊन अल्लीपूरला

जी वस्तू भट्टीत पुरती जळून गेल्याशिवाय तिचं शिल्प होतच नाही, ती वस्तू आपल्या माणसाची असेल तर द्यावी का? हा प्रश्न सोबत घेऊन मी जानेवारीत दोन दिवस वर्धा जिल्ह्यात फिरले. उत्तर तेव्हा येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर खाली जरूर लिहा.

माझे प्रवास लहानच असतात. नोकरी नागपूरला, घर हिंगणीला, आणि सुट्टी मिळाली की जिल्ह्यातलाच एखादा न पाहिलेला रस्ता. या वेळचं निमित्त मात्र वेगळं होतं. दिवाळीच्या आसपास वर्ध्याच्या एका कॉलेजात मी मंजिरीताईंचं बोलणं ऐकलं. त्या मातीतून यंत्रं घडवतात. दातेरी चाकं, साखळ्या, पट्टे, सगळं भाजलेल्या मातीचं. त्या हिंगणघाटच्याच, शिकायला बाहेर गेल्या आणि परत येऊन अल्लीपूरजवळच्या, कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या शेडमध्ये काम करू लागल्या. जिनिंग बदललं, माणसं घरी गेली, तर त्या माणसांच्या हातातल्या वस्तू कुठे गेल्या, असं त्या विचारत होत्या. जिनिंगमध्ये काम केलेल्यांकडे काही उरलं असेल तर आणून द्या, म्हणाल्या.

मी लगेच हात वर केला. माझ्या आईने सेलूच्या जिनिंगमध्ये कितीतरी हंगाम काम केलं. टोपल्यात कापूस भरायचा, त्यातला कचरा आणि कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेचायची आणि टोपलं रेच्यापर्यंत, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रापर्यंत, डोक्यावरून न्यायचं. रूईची धूळ आत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर फडकं. त्या फडक्याच्या मजुरीवर मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. मग जिनिंगमध्ये मोठा पाइप आला, तो ढिगातला कापूस स्वतःच ओढून घेऊ लागला आणि आईचं काम संपलं. आता ती गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. फडकं पेटीत होतं.

आईने फोनवर लगेच होकार दिला. पुढच्या आठवड्यात मंजिरीताईंचा फोन आला आणि त्यांनी पद्धत समजावली. लोखंडी वस्तूचा साचा घेतात आणि ती परत देतात. कापडाचं तसं होत नाही. ते ताकासारख्या पातळ मातीत बुडवायचं, वाळवायचं आणि भाजायचं. भट्टीत कापड जळतं, त्याच्यावरची माती तेवढी उरते. हे मी आईला सांगितलं नाही. घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी सकाळी घरी पोचले तर आई अंगणात इस्त्रीच्या कपड्यासारखं काहीतरी घडी करत होती. फडकं. पांढरंशुभ्र. निळीत बुडवलेलं. चारही बाजूंनी जुन्या लुगड्याचा हिरवा काठ बारीक टाक्यांनी शिवलेला.

"तिथं काचेत ठेवतीन ना," ती म्हणाली. "मंग चांगलं नको दिसाले?"

मी "हाओ" म्हटलं. 

आता वाटेबद्दल. आम्ही त्याच सकाळी निघालो. हिंगणीहून सेलूपर्यंत ऑटो मिळतात, भरल्याशिवाय सुटत नाहीत. सेलूहून वर्ध्याला एसटी भरपूर. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आम्हा दोघींचं मिळून एकच पूर्ण तिकीट झालं आणि आईला त्याचं दिवसभर कौतुक. तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वर ठेवा ना थैली. काय अंडे आहेत का त्यात?"

"फडकं आहे," आई म्हणाली.

"फडक्यासाठी एवढं धरून बसल्या?"

"तुमी तिकिटाची थैली सोडता का कोनापाशी?"

मागच्या सीटवरच्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही. सांगायचं तर इथेच सांगावं, असं वाटत होतं. पण बसमध्ये असल्या गोष्टी कशा सांगायच्या?

वर्ध्याच्या बसस्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर पोह्यांचा पत्ता लागत नाही. गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा, पुडा मंजिरीताईंसाठी घेतला. रात्री सेवाग्रामला मुक्काम, कारण अल्लीपूरहून परतीच्या गाड्या लवकर संपतात आणि सकाळी निघणं सोयीचं. इथे राहायची सोय साधी आणि स्वस्त आहे, आधी फोन करून जा. जेवणात भाकरी, भाजी, वरण, ताक. थंडीचं पांघरूण घरून न्या.

आश्रम आईने पहिल्यांदाच पाहिला. "दवाखान्यात चारदा आलतो," ती म्हणाली, "इकडं कदी वळलोच नाई." मातीच्या भिंतीवर तिने तळहात टेकवला. मग वाकून कोपरा पाहिला. "सारवते कोन हे? चांगला हात आहे. कोपऱ्यात पोपडा नाई." मोठमोठ्या झाडांखाली आम्ही बराच वेळ बसलो. शांत होतं, आई खुशीत होती. मी म्हटलं, "आई, ते फडकं..."

"आनलं ना. थैलीत आहे."

"तसं नाई."

"मंग कसं?"

"काई नाई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याहून अल्लीपूरची गाडी पकडली. रस्ता आता बराच चांगला आहे. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली काळी पऱ्हाटी, मध्ये हिरवा हरभरा, तुरीचे ढीग. कापसाने भरलेल्या गाड्यांमागे आमची एसटी संथ चालली होती आणि आई प्रत्येक गाडीकडे पाहून कापूस कितव्या वेच्याचा ते सांगत होती. उतरल्यावर गावाबाहेर थोडं चालावं लागतं. चालताना मी पुन्हा एकदा सुरुवात केली आणि पुन्हा विषयावरून घसरून भलतंच बोलले.

शेडमध्ये जाल तेव्हा एक करा. डोळ्यांना सवय होईपर्यंत दारातच थांबा. आधी नुसता अंधार आणि पत्र्यातून येणारे उन्हाचे ठिपके दिसतात. मग हळूहळू चाकं दिसू लागतात. माणसाएवढी दातेरी चाकं, पण कड जराशी वाकलेली, थकून बसल्यासारखी. भिंतीवरून लोंबणारा पट्टा, ओल्या कपड्यासारखा, आणि हात लावला तर थंड आणि कडक. हात लावू देतात, तेवढ्यासाठीसुद्धा जावं. मधोमध छतातून खाली उतरणारा मातीचा जाडजूड पाइप आणि त्याच्या तोंडाखाली जमिनीवर पालथी पडलेली कितीतरी टोपली. ती खऱ्या टोपल्यांवर माती चढवून भाजलेली. बांबू जळून गेला, वीण राहिली. पापडाइतकी पातळ.

आई पाइपासमोर उभी राहिली.

"हाच तो," ती म्हणाली. "हा आला न् आमी घरी गेलो." मग जरा जवळ जाऊन, "तोंड बरोबर केलं याचं. अस्साच वढे."

मंजिरीताई हात पुसत आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, अंगावर सगळीकडे वाळलेली माती. त्यांना गोरसपाकाचा पुडा दिला. आईने पिशवीतून फडकं काढून दोन्ही हातांनी पुढे केलं. ताईंचा चेहरा किंचित पडला.

"धुतलंत काकू?"

"मंग? घानेरडं देऊ का तुमच्या हातात?"

"नाही, म्हणजे... त्यात रूई अडकलेली असती तर मला हवी होती."

"आदी सांगाचं ना बाप्पा. दोन दिवस साबनात भिजवलं म्या." आणि मग, "काचेत मळकं कसं दिसलं असतं?"

"काचेत?" ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले. दोन दिवस न आलेलं वाक्य तिथे, मातीच्या पाइपाखाली, एका दमात आलं. "आई, ते काचेत नाई ठेवत. मातीत बुडवतेत न् भट्टीत टाकतेत. फडकं जळून जाते."

आईने फडकं परत छातीशी धरलं.

"सगळं?"

"सगळं. वरची माती राह्यते फक्त."

"मंग काठ काऊन शिवला म्या?"

 मंजिरीताई हळूच म्हणाल्या, "काकू, टाके येतील. मातीत एकेक टाका दिसतो. नको वाटत असेल तर मात्र देऊ नका. चहा घ्या, जेवून जा, मला राग येणार नाही."

आई बाहेर गेली आणि लिंबाखालच्या ओट्यावर बसली. मी मागे गेले. ती माझ्यावर रागावली असेल असं वाटत होतं, पण ती फडक्याची घडी उलगडून उन्हात धरून पाहत होती.

"तुले मायीत होतं?"

"हो."

"म्हनून बसमधी तोंड पाडून बसलती." तिने काठावरून बोट फिरवलं. "पेटीत ठेवलं तरी कसरच खाईन याले. तुया लग्नात तं काई नेसनार नाई तू हे." मग ती उठली. आत जाऊन तिने ताईंना विचारलं, "बुडवल्यावर ठेवसान कसं?"

ताईंनी फळीवर हात सपाट फिरवून दाखवला.

"असं नका ठेवू," आई म्हणाली. "असं तं ओटा पुसाचं फडकं वाटते. बांधलेलं ठेवा."

बांधायला डोकं हवं. माठावर बांधलं तर वाळताना माती आकसून तडकणार, म्हणून ताईंनी जुन्या वर्तमानपत्रांचा गोळा केला. तोही भट्टीत जळून जातो. त्यावर कागदाचंच नाक बसवलं. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. "इतकं चपटं नाई माह्यं. इचं पाहा अन् करा, इचं माह्यासारखंच आहे." ताईंनी माझ्या नाकाकडे बघून बघून कागदाचं नाक वर केलं. माझं नाक इतकं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बुडवण्याआधी मी म्हटलं, "आई, एकदा बांध ना. फोटो काढतो." फडकं जाणार, निदान एवढं तरी राहावं. तिने बांधलं. हात डोक्यामागे गेले, गाठ पडली, न बघता, क्षणात. वर फक्त डोळे. पत्र्यातलं ऊन नेमकं कपाळावर. मी फोटो काढला आणि काढतानाच कळलं की असा फोटो मी आजवर काढलेला नाही.

आईने फडकं खाली ओढलं. "झालं? आता तोंड उघडं ठेवून एक काढ." तोही काढला. त्यात तिचे डोळे अर्धे मिटलेले, मागे ताईंची बादली. तिने दोन्ही फोटो निरखून पाहिले आणि पहिल्यावर बोट ठेवलं. "हे मी आहो, हे तुलेच मायीत. तिथं मुकादमबी 'ए पिवळं लुगडं' म्हने मले. तोंड कोनाले दिसे?"

मग तिने ओल्या मातीतलं फडकं स्वतःच्या हातांनी कागदाच्या डोक्यावर बांधलं. हात कोपरापर्यंत राखाडी झाले. गाठ दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बसली. जेवायला ताईंनी झुणका-भाकर आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. शेवटच्या गाडीची वाट पाहताना आई एवढंच म्हणाली, "काठ हिरवा होता, ते नाई दिसाचं."

फेब्रुवारीत भट्टी उघडल्यावर आम्ही पुन्हा गेलो. फडकं आता फिकट गुलाबी, आतून पोकळ. एक कोपरा तुटलेला. गाठ शाबूत आणि कडेने टाके, मुंग्यांच्या रांगेसारखे. आईने पोकळीत बोट घालून नाकाची जागा चाचपली आणि मान डोलावली. ताईंनी ते घरी न्यायचं का विचारलं. "घरी कुटं ठेवू? मांजर पाडन," आई म्हणाली. ते आता इतर कामांबरोबर मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात जाणार आहे.

घरी आल्यावर काय उरलं याचा विचार करते तेव्हा मला सगळं चांगलंच झालं असं म्हणता येत नाही. पेटी उघडली की मला अजून चुकल्यासारखं वाटतं. आईला वाटत नाही. तिने त्या जागी लोकरीची शाल ठेवली.

मागच्या आठवड्यात मंजिरीताईंचा निरोप आला. शिल्पाशेजारी भिंतीवर लावायला त्यांना तो पहिला फोटो हवा होता, फडकं बांधलेला. तो तिथे शोभला असता, लोक थांबले असते, हे मला माहीत आहे. मी त्यांना दुसरा पाठवला, अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा, खाली आईचं पूर्ण नाव लिहून. या लेखाच्या वरही तोच लावला आहे. पहिला मी काल फोनमधून काढून टाकला.